दहा ते बारा भेट नाही

चाचांनी ओल्या फडक्यानं टेबल पुसायला घेतलं की आम्हांला कळायचं, कामाची नवी पद्धत आली. दर दोन-तीन महिन्यांनी हे व्हायचं. जुने कागद गठ्ठा होऊन कपाटावर जायचे. मग चाचा बाह्या सारून खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "आता बघ बेटा. एक काम इकडचं तिकडं होणार न्हाय."

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ते प्लॅनिंग बघायचे. कोणत्या मागावर कोणती ऑर्डर चढवायची, शिलाईला माल कधी द्यायचा, गाडी कधी भरायची, सगळं त्यांच्याकडं. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. मी कॉलेज संपवून नुकतीच लागले होते. त्यांच्या केबिनच्या दाराशी माझं टेबल होतं, त्यामुळं त्यांच्या पद्धतींचा जन्म आणि अंत दोन्ही मी जवळून पाहिले.

तासातासाची डायरी झाली. चार ट्रे झाले: 'आज', 'उद्या', 'नंतर' आणि 'बघू'. पंधरवड्यात सगळे कागद 'बघू'त जाऊन पडले. वैरागला दिलेली त्यांची लेक माहेरी आली, तेव्हा तिनं मोबाइलमध्ये कामांची आठवण करून देणारं ॲप घालून दिलं. ते दर अर्ध्या तासाला वाजायचं. त्या वेळी चाचा कोणाच्या तरी मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरून देत असायचे, नाहीतर बंद पडलेल्या मागाजवळ मिस्त्रीबरोबर उकिडवे बसलेले असायचे. मोबाइलकडं न बघताच अंगठ्यानं तो गप्प करायचे.

एकदा मी विचारलंच, "चाचा, एवढ्या हौसेनं सुरू करता, मग सोडता का?"

ते खरोखर विचारात पडले. "सोडत न्हाय गं मी. यादी लिहितो सकाळी आठला. तवा मी एकटाच असतो. नऊला कारखाना सुरू होतो."

पुढं परदेशी जाणारा माल लागोपाठ दोनदा उशिरा निघाला. धाकट्या मालकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "चाचा, जमत नसेल तर तसं सांगा." चाचा कागद गोळा करून उठले. केबिनमध्ये आल्यावर बराच वेळ नुसते बसून राहिले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार लागलं ते, आणि या वेळची पद्धत मीच काढली. एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं, 'दहा ते बारा भेट नाही', आणि दारावर चिकटवला. "कोणी आलं तर मी बघते," म्हणाले.

ही पद्धत मात्र टिकली. तीन आठवड्यांत सगळं रुळावर आलं. गाड्या वेळेवर निघू लागल्या. धाकटे मालक स्वतः येऊन चाचांच्या पाठीवर हात ठेवून गेले. मी घरी आईला कौतुकानं सांगितलं.

अशाच एका सकाळी शिलाई विभागातली लक्ष्मीअक्का आली. साडेदहा झाले असतील. कमी बोलणारी, पदर खोचून दिवसभर टॉवेलच्या कडा शिवणारी बाई. तिनं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हसून म्हणाले, "अक्का, बारा वाजता या की." ती "बरं" म्हणाली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

बाराला ती पुन्हा आली. तिची आई दवाखान्यात अत्यवस्थ होती, तिच्या भावानं सकाळीच गेटवर निरोप दिला होता. सुट्टीच्या अर्जावर तिला चाचांची सही हवी होती. चाचा हातातलं पेन टेबलावर टाकून उठले आणि तिला स्कूटरवर मागं बसवून स्वतः घेऊन गेले. ती दोघं पोचली त्याआधी वीस मिनिटं म्हातारी गेली होती. लेकीचं नाव घेत होती म्हणे.

अक्का कामावर परतल्यावर मी तिला विचारलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कागद लावलावता की, मॅडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

चाचांनी तो कागद आधीच काढला होता. मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "तू माझ्यासाठीच केलंस, बेटा. पण दार माझं होतं. मला आतून उघडता येत होतं."

त्यानंतर त्यांनी कोणतीच पद्धत धरली नाही. माल पुन्हा रखडू लागला, तेव्हा धाकट्या मालकांनी प्लॅनिंग माझ्याकडं दिलं आणि चाचांना शिलाई विभागात हजेरीवर बसवलं. पद उतरलं होतं, पण तिथल्या दीडशे बायकांमध्ये ते निवांत वाटायचे. कोणाची सासू कशी आहे, कोणाचं पोर तापानं फणफणलंय, सगळं त्यांना ठाऊक असायचं. सुट्टीचा अर्ज ते उभ्यानंच सही करून द्यायचे. निवृत्तीच्या दिवशी अक्कानं स्वतः शिवलेला टॉवेल त्यांच्या खांद्यावर घातला आणि वाकून नमस्कार केला. चाचा मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

नंतर ते लेकीकडं वैरागला गेले. गेल्या फेब्रुवारीत वारले. त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना फोन केला होता. मला मॅनेजर केलंय हे सांगायचं होतं. आवाज क्षीण झाला होता, तरी खूश झाले. मी म्हणाले, "कामं काही उरकत नाहीत, चाचा. रोज अर्धी यादी तशीच राहते."

"राहू दे," ते म्हणाले. "ठेव आता. तुझ्यासमोर कोणतरी उभं असंल."

मी मान वर केली. पॅकिंगमधली परवीन कधीची दारात उभी होती.