आपांच्या ओंजळीतला वाळा

सिल्लोडच्या जुबेदाआपा. त्यांचं नाव आधी सांगते, मग काय घडलं ते. त्या नसत्या तर मी लेकीला उचलून तशीच परतले असते.

माझं गाव लांब, किनवटच्या पुढं. शाळा सातवीतच सुटली. लग्नानंतर बजाजनगरला आले. यंदा माझी सात वर्षांची लेक लंगडायला लागली. एक्स-रेत गुडघ्याखाली हाडात काळी पोकळी दिसली. डॉक्टर म्हणाले, गाठ कसली ते एमआरआय केल्यावरच कळेल. शेजारीण म्हणाली, हाडातली गाठ म्हणजे पायच काढतात. तेव्हापासून मला घास गिळेना. पोर झोपली की तिचा पाय चाचपत बसायचे. गावच्या देवीला नवस बोलले आणि तिच्या नावाचा तांब्याचा वाळा लेकीच्या पायात घातला. आमच्यात नवस फिटेपर्यंत तो काढत नाहीत, अन् जमिनीला तर कधीच टेकवत नाहीत.

एमआरआयला दवाखान्यात गेले, तर मशीनच्या दारातला माणूस म्हणाला, "धातू चालत नाही, बाई. वाळा काढा."

काढला तर देवी कोपेल, नाही काढला तर गाठ कळणार नाही. नवरा कंपनीत, विचारायचं कुणाला? देवीचा वाळा आहे, काढायचा नसतो, असं म्हणून मी लेकीला कडेवर घेऊन निघाले.

बाहेरच्या बाकावर जुबेदाआपा बसल्या होत्या, सासूची कंबर दाखवायला आलेल्या. "कुठं चालली गं? तुझी देवी मशीनला भेती व्हय?"

मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली, ओंजळ पुढं केली. "दे इकडं. जमिनीला नाय टेकू देणार."

"अन् माझी कंबर कोण धरणार?" सासू फणकारली.

"अम्मी, जरा भिंतीला टेका."

मी वाळा काढून आपांच्या ओंजळीत ठेवला अन् लेकीला आत पाठवलं. आत मशीनचा ठोकल्यासारखा आवाज चालला होता. आपांचे हात अवघडले, पण ओंजळ खाली आली नाही. सासूला मी पाणी पाजलं. इतके दिवस मी देवीचा नुसता धाक धरून होते. त्या बाकावर पहिल्यांदा सगळं तिच्यावर सोडलं.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं, "कॅन्सर नाही. हाडात पाण्याची गाठ आहे. पण हाड पातळ झालंय, पळू देऊ नका." अजून पुन्हा पुन्हा फोटो काढायचेत. भीती गेलेली नाही, पण पाय आहे.

आपांचा पत्ता माझ्याकडं नाही. लेक नीट चालायला लागली की सिल्लोडला घर विचारत येईन. आपा, तुम्ही माझी देवी धरलीत. तुमच्या अम्मीची कंबर एक दिवस मी धरीन.