तळ्याकाठचं गवत

मावशीने मेंढ्या पाळल्या त्या हौसेने नाही, हट्टाने. "तुला जमायचं नाही," असं कोणी म्हटलं की तिच्या अंगात बळ संचारतं. मागच्या वर्षी मात्र तिचा निम्मा कळप गेला. जबड्याखाली सूज यायची, डोळे पांढरे पडायचे आणि मेंढी बसल्या जागी मान टाकायची. जनावरांच्या डॉक्टरांनी एक मेलेली मेंढी फाडून दाखवली. यकृतात ओल्या पानासारखे चपटे किडे होते.

"हा आधी तळ्यातल्या गोगलगायीत वाढतो," डॉक्टर म्हणाले. "मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतो. मेंढीने ते गवत खाल्लं की गेला पोटात. तिच्या लेंड्यांतून अंडी परत तळ्यात."

मावशीने कंबर कसली. एकटीने तळ्याभोवती तारेचं कुंपण घातलं. काका, म्हणजे तिचे यजमान, शेजारी उभे राहून हसले. "एवढीशी गोगलगाय आणि केवढी तटबंदी!" मला त्यांचा अस्सा राग आला! मदतीला हात जड, जीभ मात्र हलकी.

कळप कोरड्या माळावर चरू लागला आणि सावरला. खालावली ती फक्त लंगडी. ही म्हातारी मेंढी गोठ्यातच असायची, काकांची भारी लाडकी. तिच्या जबड्याखाली सूज दिसली तेव्हा मावशी चक्रावली. जी दाराबाहेर पडत नाही, तिला तळं कुठे भेटलं? औषध पाजून झाल्यावर तिने गव्हाणीत हात घातला. तळाशी रुंद पात्यांचं ओलं गवत होतं. तसं गवत कुंपणाच्या आतच उगवतं.

"अहो, हे कोणी आणलं?"

काका मान खाली घालून म्हणाले, "मीच. तार वाकवून रोज पेंढीभर कापायचो. बिचारीला चालता येत नाही, निदान हिरवं तरी खाऊ दे म्हटलं. मेंढ्या आत सोडायच्या नाहीत, एवढंच ना ठरलं होतं?"

औषधाला उशीर झाला होता. लंगडी गेली. काका तिच्याजवळ बसून ढसाढसा रडले. "मीच मारली तिला." माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मावशीचेही डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "मायेनं भरवलंत, ठाऊक आहे मला. पण उरलेल्या जगवायच्यात. चला, उठा."

तिने त्यांच्या हातात पहार दिली. काकांनी वाकवलेल्या तारेपाशी खड्डा खणला आणि नवा खांब रोवला. मावशीने तो हलवून पाहिला.

"सैल आहे."

काकांनी डोळे पुसले, खांब उपटला आणि पुन्हा रोवला.