ज्ञानोबा गुरुजींनी पुसलेली दहा वर्षं

मुरुमपासून दोन कोसांवरच्या त्या गावात कुणालाही विचारा, गावाचा इतिहास कुणाला ठाऊक? बोट एकाच घराकडं जाईल. ज्ञानोबा गुरुजींच्या. वय सत्त्याहत्तर, शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण खिशातला पेन काही सुटला नाही. शहाण्णव साली, धम्मदीक्षेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, गुरुजींनी गावाचा इतिहास लिहून छापून घेतला. कोणतं घराणं कुठून आलं, कुणाची विहीर कुणी खोदली, घराघराच्या वंशावळी, सगळं त्यात. केवढ्या खस्ता खाल्ल्या त्या माणसानं! निजामाच्या काळातली उर्दू दप्तरं वाचायला एक म्हातारे मुन्शीजी धरून आणले, त्यांना एसटीनं धाराशिवला नेलं-आणलं. एका तारखेवरून सख्ख्या मेव्हण्याशी महिनाभर बोलले नाहीत.

आणि असल्या काटेकोर माणसानं बाराव्या पानावर धडधडीत खोटं लिहिलं. तेही स्वतःच्याच घराबद्दल.

"आमचं कुटुंब आळंदकडच्या भागातून छप्पन सालच्या डिसेंबरात या गावी आलं, ते धम्म सोबत घेऊनच." वाक्य झकास आहे, नाही कोण म्हणतो? पण खरी गोष्ट अशी की गुरुजींचे आईवडील आळंदकडून, म्हणजे आताच्या कर्नाटकातून, आले सेहेचाळीस साली. रझाकारांच्या धामधुमीत, अठ्ठेचाळीसला, गुरुजी याच गावात जन्मले. वडील वेशीवर येसकर म्हणून राबले, आणि आई, मालनबाई, त्या कामाची भाकर मागायला रोज संध्याकाळी दारोदार फिरली. पाचसहा वर्षांचा ज्ञानोबा तिच्या पदराला धरून असायचा. वरून टाकलेली भाकर झेलायची. झेलता नाही आली तर मातीतून उचलायची. छप्पनला दीक्षा घेतली, त्या दिवसापासून ते बंद झालं. सत्तावन्नला पोराचं शाळेत नाव घातलं.

ती आधीची दहा वर्षं गुरुजींना नको होती. आपलं घर या गावात माणूस म्हणूनच आलं, असं त्यांना लिहायचं होतं. त्यांना लाज वाटली म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या! मातीतली भाकर झाडून ज्यानं खाल्ली नाही, त्यानं यात बोलूच नये.

पण एक माणूस बोललं. पुस्तक छापून आलं त्या दिवशी गुरुजींनी आईला ते पान मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. मालनबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"आन् मग तू कुठं जलमलास रं?"

"आई, ते असं लिहायचं नसतं."

"धा वर्सं म्या ह्या गावात दारं पालथी घातली. ती कुठं गेली?"

"तीच तर नको आपल्याला."

"तुला नको आसतील. माजी हायती ती."

पुन्हा तिनं त्या पुस्तकाला हात लावला नाही. सात वर्षांनी ती गेली.

गावाला मात्र ते पान फार आवडलं. का नाही आवडणार? भाकर मागणारं कुणी नव्हतं म्हटल्यावर वरून टाकणाराही कुणी उरला नाही. सगळं गाव धुतल्या तांदळासारखं! ग्रामपंचायतीनं प्रती घेतल्या, जिल्ह्याच्या वाचनालयात गेल्या, शाळेत पोरं धडे पाठ केल्यासारखी सांगू लागली.

यंदा गुरुजींची नात प्रीती डॉक्टरकीला लागली. त्या घरातली पहिलीच. जागा राखीव, म्हणून जातीचा दाखला पडताळून घ्यायचा आला. बाहेरच्या राज्यातून आलेल्या घराला दहा ऑगस्ट एकोणीसशे पन्नासच्या आधीपासून इथं राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. गुरुजी हसले. म्हणाले, एवढंच ना? वंशावळ स्वतःच्या अक्षरात काढली, सेहेचाळीस साल घातलं, आणि चौकशीला आलेल्या साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी पिशवीतून पुस्तक काढलं. वाचनालयाचा शिक्का असलेलं.

"गुरुजी, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

गुरुजींनी खरं काय ते सांगितलं, हात जोडून सांगितलं. साहेब भला माणूस, त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण मी मानू कशाला? नातीची गरज नव्हती तेव्हा तुम्ही छप्पन लिहिलंत. गरज पडल्यावर सेहेचाळीस. शाळेच्या नोंदीत जन्मगाव नाही, जुन्या दप्तरात तुमचं नाव नाही. त्या वेळचा गावातला कुणी माणूस असेल तर सुनावणीला आणा."

त्या वेळचा एकच माणूस जिवंत होता. बंडप्पा. नव्वदीला टेकलेला, मोठा जमीनदार. मालनबाई ज्या दारांत जायची त्यातलं पहिलं दार त्याचं. छप्पननंतर गुरुजींनी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. परवा सकाळी ठेवला.

"या, या गुरुजी! बसा. चहा सांगू का?" म्हातारा अगदी हरखला.

गुरुजी बसले नाहीत. "बंडप्पा, तुम्ही दहाबारा वर्षांचे व्हता तेव्हापासून माझी आई तुमच्या दारात भाकर मागायला यायची. पुढं मीबी संगं असायचो. एवढंच येऊन सांगा. पोरीचं कल्याण होईल."

"असं काय बोलायलाव गुरुजी?" बंडप्पाचा चेहरा कसनुसा झाला. "तुमची आई कशाला मागंल? तुमी छप्पनला आलाव की. धम्म घेऊन."

"ते खोटं हाय. म्या लिवलं ते."

"खोटं कसं? छापलंय की!" त्यानं आत हाक मारून पुस्तक मागवलं, जाड भिंग डोळ्याला लावलं आणि बारावं पान एकेक शब्द जुळवत वाचून दाखवलं. "आमच्या घरी पाव्हणं आलं की म्या हेच सांगतो. लई चांगलं लिवलाव तुमी."

म्हातारा खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. गुरुजींनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिथं भाकर नव्हती, मालनबाई नव्हती, कुणीच नव्हतं. चहा न घेता ते उठले.

पारापाशी येतात तोच धाराशिवहून प्रीतीचा फोन आला. सुनावणीला चार दिवस राहिले होते.

"आजोबा, बंडप्पा आजोबा येतायत ना?"

"न्हाय गं बाळा. त्याला काही आठवत न्हाय."

मग पोरीनं हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर गुरुजींनी सोसला असता.

"आजोबा, रागवू नका. मला एकटीला तरी खरं सांगा. आपण नक्की कधी आलो?"