आमच्या सुनेचं वांगं

गल्लीतल्या बायका म्हणतात, काकूंनी वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटेल. मी त्यांना तसं म्हणू देते. या वयात कौतुक आपणहून चालत आलं तर त्याला दारातून परत पाठवू नये. रंगाच्या रिकाम्या डब्यांत पोकळा आहे, तेलाच्या डब्यात मेथी आहे, जिन्याच्या कठड्यावर गिलक्याचा वेल चढलाय, आणि या सगळ्यांना पाणी म्हणजे डाळ-तांदूळ धुतलेलं. धुळ्यात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं, त्यामुळे झाडांना ताजं पाणी ही चैन आमच्याकडे कधी नव्हतीच. आठवड्यातले बरेच दिवस भाजी घरची असते. सून तिचे फोटो काढून माहेरी पाठवते.

पण ज्या मुलीनं हे सगळं सुरू केलं, तिला या बायकांनी पाहिलं असतं तर तिच्या हातात कोथिंबिरीची जुडीसुद्धा निवडायला दिली नसती. ती मुलगी मीच. तिच्याबद्दल बोलायला मला फार आवडतं, कारण ती आता उलटून काही बोलू शकत नाही.

रावेरकडच्या एका गावातून मी लग्न होऊन इथं आले. माहेरी केळीच्या बागा. इथं दोन खोल्यांचं घर आणि कापडाच्या दुकानात कामाला असलेला नवरा. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागले. अक्का सोनगीरच्या, कोरडवाहू शेतात वाढलेल्या. बोलणं अहिराणी आणि तेही मोजकं. भाजी आणायला त्या बाजार उठायच्या वेळी जायच्या. तेव्हा भाजीवाल्या उरलेलं एकत्र करून देऊन टाकतात. मला त्याची लाज वाटायची. गल्लीच्या तोंडाशी कुणी भेटलं की मी पिशवी पदराखाली धरायची, जणू आत वांगी नाहीत, चोरीचा माल आहे.

घरामागे दोन खाटा मावतील एवढी मातीची जागा होती. अक्कांना तिथं कोबा करायचा होता. उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे, वाळत घालायला त्यांना दुसऱ्यांच्या गच्च्या मागत फिरावं लागे, आणि जिची गच्ची तिला वाटणी द्यावी लागे. यांनी सिमेंटचं बोलणंही करून ठेवलं होतं. माझं लग्न होऊन जेमतेम एक हिवाळा झालेला. मी मध्येच बोलले.

"अक्का, कोबा कशाला? एवढ्या जागेत घरची भाजी होईल. विकतची आणायलाच नको. मी शेतकऱ्याची मुलगी आहे."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुले पेरता येस का वं?"

"त्यात न येण्यासारखं काय आहे?"

यांनी पेपर वर धरला. या घरात असा पेपर वर गेला की समजायचं, माणूस आत हसतोय.

अक्कांनी निकाल दिला. हा उन्हाळा त्या बिबडे पुन्हा लोकांच्या गच्चीवर वाळवतील. दिवाळीपर्यंत त्या मातीतून एका भरतापुरती वांगी निघाली, तर जागा माझी, कोब्याचं नाव त्या काढणार नाहीत. नाही निघाली, तर दिवाळीनंतर गवंडी येईल आणि मी तोंड उघडायचं नाही. भरताचीच वांगी का, तर त्याच आठवड्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, केळीच्या ट्रकवाल्याबरोबर शेजारच्या मळ्यातली वांगी पाठवली होती. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर लांब. तशी वांगी या अंगणात लागतील असं मी जेवताना बोलून बसले होते.

आता बी हवं. विकत आणायचं म्हणजे खर्च, आणि शेतकऱ्याच्या मुलीनं बी विकत घ्यायचं म्हणजे नामुष्की. मला एक युक्ती सुचली आणि तिचा मला इतका अभिमान वाटला की मी ती कुणाला सांगितलीही नाही. आबांच्या वांग्यांचं भरीत करायला आम्ही मागच्या दारी कपाशीच्या काड्या पेटवल्या. वांगी चांगली काळी होईस्तोवर भाजली, सोलली. अक्का लसूण-मिरची आणायला आत गेल्या, तेवढ्यात मी गरातून चमचाभर बिया काढून घेतल्या. धुतल्या, राखेत घोळल्या, कागदाच्या पुडीत बांधून डाळीच्या डब्यामागे ठेवल्या. राखेत घोळायचं माझ्या आजीकडून पाहिलेलं होतं. आजी काय घोळायची ते नीट पाहिलं नव्हतं, एवढंच.

तर अशी मी. मृग लागल्यावर माती खणली, शेजारणीकडून शेळीच्या लेंड्या मागून आणून टाकल्या, जुन्या साडीचं कुंपण केलं आणि आगीत पूर्ण भाजून निघालेलं बी मोठ्या भक्तीनं पेरलं. रोज सकाळी तिथं जाऊन बसायची. हे विचारायचे, "काय म्हणतंय शेत?" मी म्हणायची, "येईल, भारी जातीला वेळ लागतो."

आणि खरंच आलं. एकच रोप आलं, पण काय जोमानं. रुंद पानं, जाड देठ. मी अक्कांना हाताला धरून नेलं. अक्का वाकल्या, एक पान बोटांत धरून त्यांनी वास घेतला, आणि "देखूत" म्हणाल्या. म्हणजे बघू या. एवढंच. मला वाटलं, अक्कांना हार दिसायला लागलीये.

रोपाचं झुडूप झालं. एका झाडाला किती वांगी लागतात याचा हिशेब मी मनात मांडला आणि तो भरताला पुरवलाही. श्रावणात फूल आलं, पांढरंशुभ्र, वीतभर लांब, कर्ण्यासारखं. वांग्याचं फूल जांभळं आणि एवढंसं असतं, हे मी पाहिलेलं होतं. पण माणसानं एकदा ठरवलं की डोळे काय करणार? मी यांना समजावून सांगितलं, "वांगी पांढऱ्या रेघांची ना, म्हणून फूल पांढरं." यांनी पेपर वर धरला.

मग फुलं नाहीशी व्हायला लागली. संध्याकाळी मोजून ठेवायची, सकाळी कमी. त्यातही सोमवारी सकाळी तर झाड भुंडंच. एका सोमवारी पहाटे मी दाराआड उभी राहिले, तर अक्का अंघोळ करून आल्या, इकडेतिकडे न बघता फुलं तोडली आणि पदरात घेऊन निघून गेल्या.

मला रडूच आलं. फूल तोडलं तर वांगं धरणार कुठून? म्हणजे कोब्यासाठी ही बाई एवढ्या थराला गेली. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तूच बोल तिच्याशी." आईशी बोलायचं असलं की यांना नेहमी दुकानात काम असायचं.  त्या दिवशी अक्कांना भाकरी वाढताना ताटात ठेवण्याऐवजी जरा टाकलीच. पुढच्या रविवारी मी उरलेल्या दोन फुलांना चिंधी गुंडाळली, दिसू नयेत म्हणून. फुलाला चिंधी. ही मुलगी आज माझ्यासमोर आली असती तर मी तिला आधी पोटभर जेवायला घातलं असतं आणि मग तासभर हसले असते.

चिंधीखालच्या त्या दोन फुलांची फळं धरली. गोल, हिरवी, अंगभर काटे. मी तर हरखलेच. बाजारात काटेरी वांगी म्हणून जी मिळतात ती चवीला सरस असतात, हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे. ती देठाला काटेरी असतात, अंगाला नाही, पण अशा बारीकसारीक गोष्टींत मी तेव्हा पडत नसे. दसऱ्याच्या सुमारास फळं लिंबाएवढी झाली. मी ठरवलं, दोन तर दोन, चव तरी दाखवू. काड्या रचल्या आणि तोडायला हात घातला.

मागून मनगट धरलं गेलं. अक्का एरवी कधी अंगाला हात लावायच्या नाहीत.

"हात नको लावू. हाई वांगं नही शे. धोतरा शे."

मी काड्यांच्या ढिगाशेजारी तशीच उभी. धोतरा. जो खाल्ला तर माणूस भ्रमिष्ट होतो. महादेवाला वाहतात, तो. म्हणजे फुलं सोमवारी महादेवाला जात होती, आणि मी ताटात भाकऱ्या टाकत होते.

"मग माझं बी?"

"कोठून लेयेल व्हतं?"

कुठून घेतलं होतं, ते सांगावंच लागलं. भाजलेल्या वांग्यातून. माझं वाक्य पुरं होण्याआधी अक्का मटकन खाली बसल्या. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पदर तोंडात, आणि मधूनमधून, "भुंजेल बी. भुंजेल बी उगस का कोठे?" शेवटी दम लागल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुना बाप काय लावस?"

"केळी."

"केळीले बी ऱ्हास का?"

केळीला बी नसतं. केळीचे कंद लावतात. जन्मापासून मी शेतात वाढले होते आणि माझ्या घरात कधी कुणी बी पेरलेलं मी पाहिलंच नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि अक्कांना मात्र माझे हात पाहिले त्या दिवशीच कळलं होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, दर श्रावणात धोतऱ्याच्या फुलांसाठी त्यांना नाल्यापर्यंत जावं लागे, यंदा सुनेनं दारात आणून दिला. देवाच्या कामात मध्ये कोण बोलणार? वर त्या एवढंच म्हणाल्या की भाकरी मात्र यापुढे नीट वाढावी.

दिवाळी झाली, गवंडी आला. मी तोंड उघडायचं नाही असं ठरलेलंच होतं. त्यानं धोतऱ्याकडे पाहून विचारलं, "अक्का, हे उपटू ना?"

"ऱ्हाऊ दे. चौकोन सोडी दे."

त्यानं झाडाभोवती वीतभर जागा सोडून दोरी लावली. अक्कांनी दोरी उचलली आणि लांब सरकवली. मग आणखी लांब. गवंडी म्हणाला, "एका झाडाला एवढी जागा?" अक्का म्हणाल्या, "तू तुनं काम कर." कोबा झाला, आणि त्याच्या मधोमध एक चांगली ऐसपैस मातीची चौकट राहिली.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका बिबडे घेऊन आमच्याकडे आल्या. आता वाटणी आम्हाला मिळायची. मधलं झाड पाहून प्रत्येकीनं विचारलं, हे काय? आणि प्रत्येकीला अक्कांनी तोच जबाब दिला, चेहरा जराही न हलवता.

"आमनी सूननं वांगं."

वर्षभरात ते नाव सगळ्या गल्लीत पसरलं. मी पाण्याला निघाले की बायका विचारायच्या, वांग्याला फूल आलं का?

त्याच उन्हाळ्यात केळीचा ट्रकवाला दारात थांबला आणि त्यानं एक पुडकं दिलं. आत पिवळं पडलेलं, सुरकुतलेलं, झाडावरच पिकवलेलं एकच वांगं. अक्कांनी आबांना निरोप धाडला होता. म्हणजे माझी फजिती माहेरीही पोचली होती, कारण आबांनी ट्रकवाल्याजवळ बोलणं पाठवलं होतं, "तिला सांग, हे भाजू नको."

अक्कांनी बी माझ्याकडून पेरून घेतलं, त्या चौकटीत, धोतऱ्यापासून जरा बाजूला. स्वतः खाटेवर बसून राहिल्या. पुढच्या हिवाळ्यात आमच्या मातीतल्या वांग्यांचं भरीत झालं. अक्कांनी पहिला घास खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "काटा नही लागना."

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. कोब्याला आता तडे गेलेत, आणि पाऊसपाणी झालं की तड्यांतून धोतरा आपोआप वर येतो. सून लहान मुलांच्या काळजीनं तो उपटायला जाते, ते बरोबरच आहे. मी तिला सगळे उपटू देते. चौकटीतला एक मात्र ठेवायला लावते. त्याचं बोंड धरू द्यायचं नाही, ते काम माझं. दर सोमवारी सकाळी सगळी फुलं तोडून नेते. सुनेनं एकदा विचारलं, "आई, हा एकच का ठेवायचा?"

मी म्हटलं, "तो धोतरा नाही. ते माझं वांगं आहे."