मामांनी साफ केलेलं रान

गांडुळं आली ती टेम्पोतून, ओल्या गोणपाटात. शेती खात्याच्या माणसांनी गोणी ओसरीवर टेकवली आणि आतली वळवळ बघून मी चार पावलं मागं सरकले. आमच्या बायकांच्या गटात प्रत्येकीला एक निळा ड्रम, खताचा एक प्लास्टिकचा बेड आणि ही गांडुळं फुकट मिळाली. फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणतंय! आठवडाभरात बहुतेकींच्या ड्रमात सांडायचं-वापरायचं पाणी भरलं गेलं. मी मात्र हट्टाला पेटले. स्वभावच तसला माझा.

हट्टाचं कारण सांगते. तीन वर्षं रानात युरिया नाही, फवारणी नाही, असं झालं की सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. मग आमचा उडीद शहरातला व्यापारी चढ्या भावानं घेणार, असं साहेबांनी, म्हणजे आमच्या कृषी सहायकांनी, बैठकीत सांगितलेलं. तसं झालं असतं तर मला कोयता सोडता आला असता. खर्ड्याकडच्या आमच्या कोरडवाहू गावातून दिवाळीच्या मागंपुढं टोळ्या निघतात, कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला. लग्न झाल्यापासून मी दरसाल जाते. अंधारात फडात उतरायचं, दिवसभर वाकायचं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कंबर गेली माझी त्यात. मला घरी राहायचं होतं, बास.

म्हणून युरियाऐवजी रानाला घालायला शेण, गोमूत्र, गूळ, बेसन ड्रमात कालवून मी रोज सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळत बसायची. गल्लीतल्या बाया हसायच्या. ‘काय गं, गांडुळांचं बाळंतपण करतीस व्हय?’ मी म्हणायची, ‘करते, बारशाला या!’ पहिल्या वर्षी उडीद निम्म्यावर आला आणि आमच्या मालकांनी महिनाभर तोंड फुगवलं. दुसऱ्या वर्षी ढेकूळ नुसत्या हाताच्या दाबानं फुटायला लागलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मूठभर माती पदरात बांधून घरी आणली. मालक म्हणाले, ‘बाई, येडी झालीस तू.’

तिसऱ्या वर्षी उडीद निघाला, रान मोकळं झालं आणि आम्ही तोडीला गेलो. शेवटचंच जाणं, असं मी टोळीतल्या सगळ्यांना सांगत सुटले होते. आल्यावर तपासणी, मग सुटका. घरी सासरे आणि शेरडं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना बजावून गेले होते की रानात युरियाचा दाणा पडू द्यायचा नाही. ते म्हणाले, ‘न्हाई पडनार.’ म्हातारा शब्दाचा पक्का.

हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला म्हणे, आणि रानात हरळी माजली. आम्हाला तिकडं काय कळणार? परत आलो त्या सकाळी मामा बांधावरच उभे. मागं अख्खं रान पिवळंफटक, हरळी मुळापासून जळालेली. पाठीवरचा पंप कुणाकडून मागून आणला होता त्यांनी आणि या वयात स्वतः तणनाशक मारलं होतं.

‘युरियाचा दाना टाकला न्हाई बरं का,’ ते म्हणाले. ‘निस्तं गवताचं औशीद मारलं. तुजी कंबर लई दुखती. आल्या आल्या खुरपायला नगं म्हनून.’

एरवी शेरडानं कुंपणात तोंड घातलं तरी गल्ली गोळा करणारी बाई मी. त्या दिवशी मात्र मी बांधावर खाली बसले. म्हाताऱ्याच्या खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचे वळ अजून दिसत होते. मी बांधावर खाली बसले. राग तर असा आला होता, आणि तो काढायला माणूसच नव्हतं.

वाळलेली हरळी गोळा करून झाल्यावर साहेब तपासणीला आले ते घाईतच. रान बघून खूश झाले. ‘वा, काय स्वच्छ ठेवलंय! गटात एक नंबर.’ मामांना मधोमध उभं करून मोबाईलवर फोटो काढला. मामांनी टोपी सारखी केली. मी साहेबांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. ते मोबाईल खिशात टाकत म्हणाले, ‘ताई, हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. एका रानापायी सगळा गट बाद होईल.’

‘मग व्यापारी?’

‘त्याचं काही जमलं नाही. यंदा तरी कोणी तयार नाही.’

प्रमाणपत्र आलं, सगळ्यांचंच आलं, ड्रमात पाणी भरणाऱ्यांचंसुद्धा. पुढच्या हंगामाचा उडीद मी नेहमीसारखा तालुक्याला नेला. आडत्यानं तो सगळ्यांच्या ढिगात ओतला. मी प्रमाणपत्राचं सांगितलं तर म्हणाला, ‘असू द्या की.’

दिवाळीआधी तोडीच्या टोळीचा मुकादम आला. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी मान डोलावली. मामा ओसरीवरून सगळं ऐकत होते.

‘जावा बिनघोर,’ ते म्हणाले. ‘रानाचं मी बगतो. निस्तं त्येवडं औशीद आनून ठिव, मला आता तालुक्याला जाववत न्हाई.’

निघायच्या आदल्या दिवशी मी ते आणून ठेवलं.