सहा प्रतींतली बंदूक

शाळेतल्या वादविवादात तुला "नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा" ही बाजू मिळाली, आणि घराण्यात कधीकाळी बंदूक बाळगलेला एकमेव माणूस म्हणून तू आजोबांना फोन केलास. त्यांनी तुला वीस मिनिटं रानडुकरांविषयी सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाले, "पोरगी जिंकणार." मला तशी खात्री नाही, कारण त्यांनी तुला मुसफ्फाची गोष्ट सांगितलीच नाही. ती मी क्रमाने लिहून पाठवते आहे. धाकट्यालाही वाचून दाखव. अडेल तिथे बाबाला विचार, पण तो तेव्हा अमेरिकेत शिकत होता, त्याला यातलं निम्मंच ठाऊक आहे.

आधी बंदूक. ती बारा बोरची दुनळी. आजोबांच्या आजोबांनी आजऱ्याकडच्या शेतावर पिकाच्या राखणीसाठी घेतलेली. माझ्या माहितीप्रमाणे ती रागाने एकदाच झाडली गेली. डुक्कर पळालं आणि शेजाऱ्याचा फणस पडला. वडिलांच्या मागे परवाना तुझ्या आजोबांच्या नावावर झाला. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की परत आणायची. आम्ही अबू धाबीला आलो तेव्हा ती कोल्हापुरातल्या परवानाधारक दुकानदाराकडे ठेवली आणि तिथेच राहिली. परवान्यावर कारण "पीक संरक्षण". आमचं पीक म्हणजे बाल्कनीतली एक तुळस आणि एक कढीपत्ता.

तरी परवान्याचं नूतनीकरण आजोबांनी कधी चुकवलं नाही. "हक्क आहे तो," असं म्हणायचे. मी विचारायची, "कसला?" तर म्हणायचे, "असण्याचा."

खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांची पूजा करतात हे तुम्हांला माहीत आहे. गावी पाटावर बंदूक असायची, झेंडूची माळ घातलेली. अबू धाबीच्या फ्लॅटमध्ये पाटावर सुऱ्या, विळी, आजोबांचा व्हर्नियर कॅलिपर, तुझ्या आत्याची कंपासपेटी आणि मिक्सर. मिक्सरवर त्यांचा दरवर्षी आक्षेप असायचा. मी म्हणायची, या घरात सगळ्यांत जास्त काम कोण करतं ते बघा आणि मग बोला.

२००८ साली जगातले पैसेवाले बुडाले आणि त्याची लाट पुढच्या वर्षी मुसफ्फापर्यंत पोहोचली. मुसफ्फा हा अबू धाबीचा कारखान्यांचा भाग. तिथे लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत आजोबा ड्रॉइंग विभागाचे प्रमुख होते. दुबई मरीनात क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि इकडे ऑर्डरी बंद पडल्या. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि रविवारी ऑफिस, त्यामुळे आठवडा संपताना, दर गुरुवारी दुपारी, पाकिटं वाटायला सुरुवात झाली. पाकीट मिळालं की नोकरी संपली, नोकरी संपली की व्हिसा संपला, आणि महिन्याभरात देश सोडायचा. तुझी आत्या बारावीत होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आणि आम्ही होतो सप्टेंबरात. मधल्या सहा महिन्यांतले गुरुवार मी कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजले होते.

अशा काळात माणसाला देव आठवतो, आजोबांना बंदूक आठवली. या वर्षी पूजेत तीच पाहिजे, म्हणाले. खरी शक्य नाही, तर फोटो. कोल्हापूरहून धाकट्या काकांनी दुकानदाराच्या टेबलावर ठेवून, शेजारी फूटपट्टी लावून फोटो काढला आणि ईमेलने पाठवला. एखाद्या साध्या माणसाने तो वहीच्या कागदावर छापला असता. पण आजोबा ड्रॉइंगवाले. बंदूक लहान करून पूजणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी ऑफिसच्या प्लॉटरवर, म्हणजे मोठी ड्रॉइंग छापायच्या यंत्रावर, ती खऱ्या मापात छापायचं ठरवलं.

सोमवारी संध्याकाळी बस सुटायच्या घाईत त्यांनी फोटो नेहमीच्या ड्रॉइंगच्या चौकटीत टाकला. त्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात रकाने असतात आणि रिकामा रकाना त्यांना कधीच बघवत नाही. त्यामुळे त्यांनी लिहिलं: तयार करणारा, स्वतःचं नाव. माप, एकास एक. आवश्यकतेची तारीख, येता रविवार, कारण खंडेनवमी रविवारी होती. मग बटण दाबून ते बस पकडायला धावले.

त्या यंत्राला काही वेगळं सांगितलं नाही तर ते सहा प्रती काढतं, हे त्यांना वीस माणसांना शिकवून पाठ झालेलं होतं. तेवढं ते विसरले.

मंगळवारी सकाळी ड्रॉइंगांची नोंद ठेवणाऱ्या बाईंनी ट्रे उघडला. त्या फिलिपिन्सच्या, अत्यंत शिस्तीच्या. चित्र कशाचं आहे हे बघणं त्यांचं काम नव्हतं, नंबर देणं हे काम होतं. त्यांनी सहाही प्रतींना नंबर दिले, शिक्के मारले आणि यादीप्रमाणे वाटल्या: मॅनेजर, वर्कशॉप, क्वालिटी, सेफ्टी, खरेदी, आणि सहावी तयार करणाऱ्याच्या टेबलावर. आजोबा मंगळवारभर साइटवर होते. बुधवारी आले, टेबलावरची आपली प्रत बघितली, खूश झाले, गुंडाळून घरी आणली. बाकी पाच प्रती त्यांना माहीतच नव्हत्या.

आता ऑफिसच्या जागी तुम्ही स्वतःला ठेवून बघा. पाकिटांचे दिवस. चौदा वर्षं नोकरी केलेला एक गप्प माणूस. त्याने खऱ्या मापाची बंदूक काढून सगळ्या खात्यांना पाठवली आहे, खाली आपलं नाव आणि "आवश्यक: रविवार".

बुधवारी संध्याकाळी आजोबा घरी आले ते फुलून. मॅनेजरनी स्वतः उठून दार उघडलं, म्हणाले. चहा मागवला. पाच महिने बिघडलेला एसी दोन तासांत दुरुस्त झाला. नवीन खुर्ची आली. गुरुवारी तर सेफ्टीवाल्याने त्यांची तब्येत विचारली, मुलीचा अभ्यास विचारला, आणि बोलताना सारखा त्यांच्या हातांकडे बघत होता.

"शेवटी कामाची कदर होते," आजोबा म्हणाले. "उशीर होतो, पण होते."

गुरुवारी चार पाकिटं वाटली गेली. त्यांत त्यांचं नव्हतं. मी आनंदाने शिरा केला.

शिऱ्याच्या वासावर खालच्या मजल्यावरचे भाऊजी आले. ते त्याच कंपनीत खरेदी विभागात होते, आणि पाचवी प्रत त्यांच्याकडे गेली होती. सोफ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. हसून हसून त्यांना नीट बोलताही येत नव्हतं.

"वहिनी, पाकिटं पाच टाइप झाली होती. पाचवं मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये आहे. द्यायची कोणाची हिंमत नाही. सेफ्टीवाला म्हणतो पोलिसांना कळवा. मॅनेजर म्हणतो, कळवलं तर कंपनीच बंद होईल, रविवार जाऊ दे."

आजोबांचा चमचा वाटीतच राहिला. "म्हणजे तो एसी..."

"एसी तुमच्या दुनळीने दुरुस्त केला, साहेब."

त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. बंदूक गेली असती तर त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं. ती कदर गेली याचं वाटलं.

"आता तोंड उघडू नका," भाऊजी म्हणाले. "असेच गुरुवार काढा. मार्च काय, येतोच."

"आणि मला एवढंच म्हणायचं होतं इतकी वर्षं," आजोबा सावरून म्हणाले. त्यांना मुद्दा सापडला होता. "वापरायची नसते. असायची असते. असली की लोक नीट वागतात."

"बाबा, दॅट्स लिटरली अ थ्रेट," आत्या पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

"मी कोणाला काही बोललोही नाही."

"यू डिडन्ट हॅव टू. यू प्रिंटेड इट."

शुक्रवारभर आमच्या घरी तुझ्या वादविवादाचाच विषय चालला. आजोबा आणि भाऊजी बाजूने, मी आणि आत्या विरुद्ध. आत्याचीच परीक्षा पणाला लागलेली, तरी ती विरुद्ध, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. नंतर कळलं, तिला फिजिक्सचा अभ्यास टाळायचा होता.

मी तुला प्रामाणिकपणे सांगते, मी विरुद्ध होते ते तोंडाने. मनातल्या मनात मी गुरुवार मोजत होते. तीन गुरुवार भीतीने गेले की दिवाळी. दहा गेले की आत्याची सहामाही. एखाद्या गुरुवारी भीती ओसरायला लागली तर काय करायचं, याचाही विचार करून झाला. दुसरं ड्रॉइंग काढायचं, जरा मोठं. हा विचार माझ्याच डोक्यात आला, आणि मी भाजी चिरायची थांबले. मी, जिने आयुष्यात बसचं तिकीट उतरल्यावरसुद्धा फाडलं नाही.

मी बाहेर येऊन म्हटलं, "रविवारी पूजा झाली की आपण दोघं ऑफिसात जाणार आहोत आणि खरं सांगणार आहोत."

"पाकीट मिळेल," आजोबा म्हणाले.

"मिळेल."

"आणि हिची परीक्षा?"

"तेही विचारू. घाबरवून नाही, विचारून."

ते उठून कॅलेंडरवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघून आले. मग म्हणाले, "बोलशील तू. मी सुरुवात केली की डुकरापासून करेन."

रविवारी कागदी बंदूक पाटावर मावेना, म्हणून जमिनीवर अंथरली. चार कोपऱ्यांना डाळीचे डबे ठेवले. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. मिक्सर शेजारीच होता. मग आम्ही टॅक्सीने मुसफ्फाला निघालो. पुरावा म्हणून आजोबांनी ड्रॉइंग गुंडाळून लांब काळ्या नळकांड्यात घातलं आणि ते खांद्याला अडकवलं. माझ्या हातात लाडवांचा डबा. त्या नळकांड्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

निम्मं ऑफिस त्या दिवशी आजारी होतं. उरलेलं निम्मं आम्हांला बघून उठून उभं राहिलं. रिसेप्शनवरचा माणूस हळूहळू टेबलाखाली दिसेनासा झाला. मी त्याला वरून वाकून म्हटलं, "गुड मॉर्निंग. वुई हॅव ब्रॉट स्वीट्स." तरी तो वर आला नाही.

मॅनेजर लेबनॉनचे होते, पन्नाशीचे, पिकल्या मिशांचे. त्यांच्या टेबलावर मी ड्रॉइंग पसरलं. त्यातून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. मी नीट सगळं सांगितलं: नवमी, पाट, कोल्हापूरचा दुकानदार, सहा प्रती.

"तुम्ही बंदुकीची पूजा करता," ते सावकाश म्हणाले.

"मिक्सरचीही करतो," मी म्हटलं.

त्यांनी आजोबांकडे बघितलं. "म्हणजे तुझ्याकडे बंदूक नाही."

"आहे," आजोबा म्हणाले. सवय. मग म्हणाले, "इथे नाही. कोल्हापुरात. दुकानात. कुलपात."

मॅनेजरनी पंख्याखाली बसल्यासारखा मोठा श्वास सोडला. "हबीबी, माझ्या गावात प्रत्येक दारामागे रायफल असायची. लोक फार अदबीने वागायचे. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. मी तिथून निघून आलो. आणि गेले चार दिवस माझं ऑफिस माझ्या गावासारखं झालं होतं." त्यांनी ड्रॉवर उघडला. "हे मी गुरुवारी द्यायला हवं होतं. मी घाबरलो. मला दोन मुली आहेत."

त्यांनी पाकीट दिलं. आजोबांनी ते घेतलं आणि, मी बघत होते, त्यांनी माफी मागितली. मॅनेजरनीही मागितली. चौदा वर्षांत ते दोघं इतकं बोलले नव्हते.

मग मी आत्याची गोष्ट काढली. परीक्षा होईपर्यंत व्हिसा राहू द्या, पगार नसला तरी चालेल. ते म्हणाले, "इन्शाल्ला."

मी म्हटलं, "इन्शाल्ला तर आहेच, पण कागदावर द्या."

ते पहिल्यांदा हसले. कागद दिला, सही केली, एक लाडू खाल्ला. एप्रिलपर्यंत व्हिसा राहिला. ते महिने आम्ही काटकसरीत काढले. आत्या पास झाली, फिजिक्समध्ये जेमतेम.

एक राहिलं. नोकरी सोडताना सगळ्या खात्यांची सही लागते, आणि ड्रॉइंगांच्या बाईंनी सही अडवली. सहा नंबरी प्रती बाहेर आहेत, पाच परत आल्या, सहावी आणल्याशिवाय नाही. आजोबांनी खूप सांगितलं की ती आता पूजेची आहे. त्या म्हणाल्या, तिला नंबर आहे. शेवटी ती सहावी प्रत नेऊन दिली. बाईंनी टेबलावर सरळ केली, हळदकुंकू हलकेच बाजूला फुंकलं आणि बंदुकीच्या घोड्याच्या बरोबर वर लाल शिक्का मारला: रद्द.

खरीला वेळ लागला. भारतात परतल्यावर पुढचं नूतनीकरण आलं तेव्हा आजोबा एकटेच कोल्हापूरला गेले आणि बंदूक सरकारजमा करून आले. अर्जात कारणाचा रकाना होता, तो त्यांनी रिकामा सोडला नाही. "पीक नाही" असं लिहिलं. यातून मी कसलाही अर्थ काढू नये अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे, आणि हे लिहिताना ते खांद्यावरून वाचत आहेत, म्हणून मी काढत नाही.

तुझ्या बाजूला याचा उपयोग होईल असं वाटत नाही. पण समोरच्या बाजूच्या मुलीला वाचायला देऊ नकोस.