वहिनींच्या मापाची गाडी

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे पेपर तपासत होतो. स्क्रीनवर दत्तादादाचं नाव होतं, म्हणून मी पहिल्यांदा उचललाच नाही. तो दुपारी फोन करायचा तो बहुधा एखादा नट कुठल्या मापाचा आणू हे विचारायला, आणि मला वाटलं, एवढा गठ्ठा संपवून करतो. पुन्हा वाजला. पलीकडे त्याच्या बर्फाच्या कारखान्यातला कोणीतरी माणूस होता. त्यानं विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ ना?" मी हो म्हणालो. कंप्रेसरच्या खोलीतून बाहेर आले, पाणी प्यायले आणि बाकावर बसले, ते बसलेच, एवढंच त्यानं सांगितलं. हृदयविकार, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला बाकाचंच नवल वाटलं. दत्तादादा कधी बसत नसे. चहासुद्धा तो अंगणात फेऱ्या मारत प्यायचा आणि कप कुठे ठेवला ते विसरायचा.

तो माझा सख्खा भाऊ नव्हता. हातखंब्याहून आत गेल्यावर आमचं गाव, त्यात आमची दोन घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त दगडांचा एक गडगा. माझे बाबा मुंबईला शिपाई होते, आई शेतात. आमच्या घरात कॉलेजचं दार कोणी पाहिलं नव्हतं. बारावीनंतर रत्नागिरीला प्रवेश घ्यायला गेलो तेव्हा फॉर्मवर पालकाची सही लागेल हेही मला माहीत नव्हतं. खिडकीवरून मागे फिरायची वेळ आली, तर सोबत आलेल्या दत्तादादानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही ठोकली. नातं काय, असं कारकुनानं विचारल्यावर "मोठा भाऊ" म्हणाला. आडनावं वेगळी कशी, हे विचारायला कारकुनाला सुचायच्या आत आम्ही बाहेर. "घाबरतोस काय मेल्या," तो मला म्हणाला, "आतली पण माणसंच हायत." मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झालो, मास्तर झालो. त्या दिवसापासून तो मला नावानं कमी आणि 'ग्रॅज्युएट' म्हणून जास्त हाक मारायचा. त्यात चिडवणं होतंच, पण चारचौघांत तो ते जरा मोठ्यानं म्हणायचा, हेही माझ्या लक्षात यायचं.

त्याची बायको, आमच्या शुभावहिनी, चार वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडल्या. ऑपरेशन झालं, पण उजवा पाय गुडघ्यात वाकेना. घरातल्या घरात काठी घेऊन त्या सगळं करत. अडलं ते माहेर. ते राजापूरच्या पलीकडे. गाडीरस्ता पऱ्ह्याच्या ओहोळापर्यंत, त्यावर साकवाचा अरुंद पूल, आणि पुढे मळ्यातून अर्ध्या तासाची वाट. रिक्षा साकवाच्या अलीकडेच थांबते, पलीकडे जाऊ शकते ती फक्त मोटरसायकल. शिमग्याला देवीची पालखी त्यांच्या माहेरच्या अंगणात येते, आणि लग्नानंतर वहिनींनी एकही शिमगा चुकवला नव्हता. भावांनी सांगून पाठवलं की खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतो. वहिनींनी एका वाक्यात विषय मिटवला. "खुर्चीतनं दवाखान्यात नेतात. माहेरी नाय."

तेव्हा दत्तादादानं ठरवलं की गाडी बांधायची. स्वतःची जुनी मोटरसायकल घ्यायची, तिची फ्रेम मागे लांबवायची, मागची सीट गुडघ्याएवढी खाली आणायची, आणि एका अंगानं बसल्यावर पाय सरळ ठेवता येईल अशी फळी डावीकडे बसवायची. त्यानं वहिनींना पडवीच्या कडेला बसवून टेपनं मापं घेतली आणि जमिनीवर खडूनं त्यांच्या पायाची आकृती काढली. "शिंप्यापेक्षा जास्त मापं झाली," वहिनी म्हणाल्या, पण हसू लपवायला त्यांनी तोंड फिरवलं होतं. रस्त्यावर आणायची तर परवानगी हवी, म्हणून आरटीओचा अर्ज मी लिहून दिला. ग्रॅज्युएटचं काम.

वेळ मात्र नव्हता. मिरकरवाडा बंदरातल्या कारखान्यातून तो संध्याकाळी पाचला घरी पोचायचा. अंगाला अमोनियाचा वास, बोटं गारठलेली. दिवेलागणीपर्यंतचा दीड तास, तो काय त्याचा. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की कारखाना निम्मा थांबतो, तेवढे दोन महिने त्याला मोकळे. बाकी सगळं वर्ष तो त्या दोन महिन्यांसाठी सामान गोळा करायचा. कधी मी रविवारी गेलो तर बोलता बोलता त्याचा हात कुठलातरी पाइप कानशीनं घासतच असायचा. "बस की जरा," असं मी म्हटलं की म्हणायचा, "तू बस, तुला पगारी सुट्टी हाय."

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला एवढे दिवस लागले. लांबवलेली फ्रेम जोडताना ती सरळ राहावी म्हणून खाली पक्का आधार लागतो. शहरातल्या वर्कशॉपात त्याला लोखंडी टेबल असतं. आमच्याकडे जांभा दगड. दत्तादादानं पडवीत जांभ्याचे चार चिरे मांडले, त्यांवर फ्रेम घट्ट बांधली आणि मे महिन्यात मला बोलावलं. मी पाणसळ ठेवून, तिचा बुडबुडा बघून चारही कोपरे तपासले. एका पातळीत. जोडायला वेल्डिंग मशीन मिळालं ते जुलैत. त्यानं पुन्हा विचारलं, "एकदा बघून जातोस?" मला दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला जायचं होतं, बॅग भरायची होती. मी गडग्यापलीकडूनच म्हणालो, "मे महिन्यात बघितलंय ना. चिरा कुठे जातोय?"

चिरा कुठेच गेला नव्हता. आमची घरं, विहिरी, देवळं चिऱ्यांवरच उभी आहेत, तो हलत नाही हे आम्ही जन्मतःच धरून चालतो. पण ती पडवी नंतर वाढवलेली. तिच्या एका कोपऱ्याखाली कातळ नाही, भराव आहे. महिनाभराच्या पावसानं तो भराव बसला आणि मागचा एक चिरा बोटभर खाली गेला. मुलांना मी फळ्यावर समतल म्हणजे काय ते शिकवतो... त्या दिवशी दहा पावलं चाललो नाही.

फेब्रुवारीत गाडी तयार झाली. सड्यावर, वरच्या कातळमाळावर नेली. वहिनींच्या वजनाचं भाताचं पोतं मागच्या सीटवर बांधून दत्तादादानं लांबवर चक्कर मारली. मी टाळ्या वाजवल्या. तो उतरला आणि कितीतरी वेळ चाकांकडे बघत राहिला. गाडी डावीकडे ओढत होती. मी विचारलं तर म्हणाला, टायर जुना हाय. पुढचे तीन आठवडे तो अस्वस्थ होता. टायर बदलला, स्पोक आवळले, पुन्हा सड्यावर, पुन्हा तेच. शिमगा आठ दिवसांवर आला तेव्हा मला त्याची कटकट वाटायला लागली. मी म्हणालो, एवढं काय, हँडल जरा घट्ट धर, जाशील. तो माझ्यावर कधी चिडला नव्हता. तेव्हाही चिडला नाही.

"साकवाला कठडा नाय, ग्रॅज्युएट," एवढंच म्हणाला.

तो शिमगाही गेला. वहिनींनी ओटीचं सामान भावाकडे पाठवून दिलं. महिन्याभरानं तो फोन आला. त्याला घरी आणलं, माणसं जमली, आणि मी पडवीकडे वळलो तर गाडी दोन तुकड्यांत होती. पुढच्या सीटच्या मागे, नवीन पाइप जिथे जोडले होते बरोबर तिथे, त्यानं ती कापली होती. पुढचा तुकडा इंजिन-हँडलसकट लाकडी ठोकळ्यांवर, मागचा वहिनींच्या सीटसकट दुसऱ्या ठोकळ्यांवर, मध्ये वीतभर अंतर. तिथे उभं राहून मला काही कळेना. टायरचा दोष, तर फ्रेम कशाला कापली? खाली बघितलं. चार चिरे तसेच होते, एका कोपऱ्यातला खाली. मग कळलं, फ्रेमच वाकडी जोडली गेली होती.

तेराव्यानंतर वहिनींना मी सगळं सांगितलं. जुलैत त्यानं बोलावलं होतं, मी आलो नाही, हेही. त्या सुपारी कातरत होत्या, कातरत राहिल्या. "ह्यांना कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सड्यावरनं आले त्याच दिवशी चाकांना दोरी लावून बघितलंन. मला म्हणाले, त्याला सांगू नको. तो पोर मनाला लावून घेईल." मी चाळिशी ओलांडलेली आहे. त्या घरात मी अजून पोर होतो, हे मला त्या दिवशी समजलं, आणि ज्याच्यामुळे होतो तो उरला नव्हता. म्हणजे तीन आठवडे तो टायर बदलत होता ते मला दाखवायला. त्याच्याकडे दिवसाला दीड तास होता, आणि त्यातले कितीतरी त्यानं माझी चूक माझ्यापासून लपवण्यात घालवले.

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. पेपर तपासताना, वर्गात, जेवताना पाय हलत असतो. बायको म्हणते, दत्तादादाचं वारं लागलं. मध्ये भंगारवाला आला होता, वहिनींनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मी त्यांना म्हणालो, पाऊस संपला की भराव काढून काँक्रीट घालतो, वेल्डर आणतो, या वेळी स्वतः चार वेळा बघतो, गाडी सरळ करून देतो. त्यांनी ऐकून घेतलं.

"गाडी होईल हो सरळ. चालवणार कोण?"

मला गिअरची गाडी येत नाही. बिनगिअरच्या स्कूटरपुढे मी कधी गेलोच नाही. मोटरसायकलवर बसलो तो कायम त्याच्या मागे. मी म्हणालो, तुमचे भाऊ येतील की न्यायला. वहिनी म्हणाल्या, भाऊ न्यायला येतो ते वेगळं. "मी पोचवतो, हे ह्यांनी कबूल केलेलं. ह्या घरातल्या माणसानं पोचवायला हवं, भावोजी. ओटी मला आता भरू देतील की नाय, माहीत नाय. पण अंगणात येते ती पालखी बघायला कोण अडवतो ते बघते." आणि मग, सुपारी डबीत टाकत, "वर्षाच्या आत नाय जाता यायचं. त्याच्या पुढच्या शिमग्याला. तुम्हाला शिकायला वेळ हाय."

सध्या मासेमारी बंद आहे. हे त्याचे दिवस. दर रविवारी मी गडगा ओलांडून पडवीत जातो. सड्यावर सराव करायला गाडी उसनी मिळेल, पण पावसात तिथे घसरतं, म्हणून वहिनींनीच मार्ग काढला. मी पुढच्या तुकड्यावर बसतो. त्या काठी भिंतीला टेकवतात, मागच्या तुकड्यावरच्या सीटवर एका अंगानं बसतात आणि उजवा पाय फळीवर ठेवतात. पाय बरोबर बसतो, बोटभरही इकडेतिकडे नाही. इंजिन बंद, चाकं जमिनीपासून वर, आमच्या दोघांमध्ये वीतभर मोकळी जागा. त्यांनी इतकी वर्षं त्याच्या गाडीचा आवाज ऐकला आहे, त्यांना सगळं येतं. क्लच दाबा, म्हणतात, पहिला टाका, आता सोडा, हळू. मी सोडतो. एकदम सोडलात, बंद पडली, म्हणतात. मी पुन्हा दाबतो. राजापूर मागे पडतं, रस्ता संपतो.

"साकव आला," वहिनी म्हणतात, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतात.